चौकोनाला प्रदक्षिणा

आमच्या गावातल्या मराठी माणसांनी नवी गाडी घेतली की ती दोन गोष्टी करत. चाकाखाली लिंबू ठेवत आणि काकांना फोन करत. काका येत, पुढच्या सीटवर बसत, पट्टा नीट लावून झाला की खिशातून कुंकवाची डबी काढून डॅशबोर्डला बोट टेकवत आणि म्हणत, "चला, चौकात." तिथल्या राउंडअबाउटला, म्हणजे गाड्या ज्याच्याभोवती फिरून जातात त्या मधल्या बेटाला, एक पूर्ण फेरी मारायची आणि मगच गाडी घरी न्यायची, अशी पद्धत होती. ती सुरू कोणी केली हे काकांना विचारलं की ते खिडकीबाहेर बघत.

गाव इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या जवळचं. नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून तिथे राहतात आणि माझ्यावर रागावायला त्यांना वेळही भरपूर आहे. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात मला नोकरी लागली तेव्हा मी काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. काका मूळचे सांगलीचे. कौन्सिलच्या रस्ते विभागात इंजिनिअर म्हणून सारी नोकरी करून निवृत्त झालेले. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, त्याही निवृत्त. मुलगी केंब्रिजला. घरात तीन माणसं आणि चर्चेचा विषय एक.

तो विषय म्हणजे घरासमोरच्या रस्त्याच्या टोकाला असलेला चौक. काकांनी नोकरीत पुष्कळ कामं केली, पण बहुतेक दुसऱ्यांच्या नकाशांवर. संपूर्ण स्वतःचं म्हणावं असं एकच, हा राउंडअबाउट. आणि तो चौकोनी होता. अंड्यासारखा नाही, वाकडातिकडा नाही, चांगला चार कोपरे असलेला चौकोन. मधे हिरवळ आणि हिरवळीच्या चार कोपऱ्यांवर चार जुने ओक. गोल करायचा तर चारही ओक तोडावे लागले असते. काकांच्या साहेबाने तोडायला सांगितलं होतं. काका सहसा कोणाशी वाद घालत नसत, पण त्या वेळी अडून बसले. "झाडं सरकत नाहीत, रस्ता सरकतो," असं ते साहेबाला म्हणाले म्हणे. झाडं राहिली आणि गाड्या चौकोनात फिरू लागल्या.

नवीन माणूस त्या चौकोनात शिरला की हमखास गांगरे. सरळ बाजूवर वेग घ्यावा तर लगेच कोपरा येई. मीही पहिल्यांदा तिथे शिरले तेव्हा कोपऱ्यावर इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागचा इंग्रज हॉर्न वाजवता झाला, आणि इंग्रज हॉर्न वाजवतो म्हणजे तुम्ही काय केलं असेल ते समजा. मी घरी येऊन तक्रार केली तर काका खूश झाले.

"गोंधळलीस ना? व्हेरी गुड. गोंधळलेला माणूस सावकाश जातो. ज्याला रस्ता पाठ असतो तोच धडकतो."

"काका, पण राउंडअबाउट राउंड असतो."

"कोणी सांगितलं? प्रदक्षिणा देवळाला घालतेस ना? देऊळ काय गोल असतं?"

शिवाय दिशाही जुळत होती. देव उजव्या हाताला ठेवून आपण फिरतो आणि इथे गाड्या ते मधलं बेट उजव्या हाताला ठेवून फिरतात. इंग्रजांनी ही रीत नक्की आपल्याकडून उचलली असं काकांचं मत होतं आणि ते ही गोष्ट इंग्रजांनाही सांगत.

सुट्टीत लोक समुद्रावर जातात. काका काकूंना घेऊन जंक्शनं बघायला जात. स्विंडनला पाच छोट्या राउंडअबाउटांचा मिळून एक मोठा राउंडअबाउट आहे. तिथे एकदा मलाही नेलं. फूटपाथच्या बाजूला गवतावर घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा, डब्यात मेथीचे ठेपले, आणि समोर गाड्यांचा कल्लोळ. छोट्या पाचांभोवती गाड्या एका दिशेने फिरत होत्या आणि मधल्याभोवती उलट्या. काका हातवारे करून मला समजावत होते आणि मला काडीचं कळत नव्हतं. काकू स्वेटर विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, शंकराच्या देवळात कसं करतो? गोमुखापर्यंत जायचं, ओलांडायचं नाही, मागे वळायचं. तसं आहे ते." मला एकदम कळलं. काका काकूंकडे बघतच राहिले आणि पुढे चार-सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्पष्टीकरण स्वतःचं म्हणून देत राहिले.

एका प्रकारच्या राउंडअबाउटला इथले इंजिनिअर हॅम्बर्गर म्हणतात. त्यात मुख्य रस्ता बेटाच्या पोटातून आरपार जातो. काका शाकाहारी, ते त्याला वडापाव म्हणत. कौन्सिलच्या मीटिंगमध्येही म्हणत. त्यांचे जुने सहकारी अजूनही तोच शब्द वापरतात असं मी ऐकलंय.

सिग्नलचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. "सिग्नल म्हणजे माणसावर अविश्वास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं होतं. "राउंडअबाउटवर माणूस दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघतो आणि थांबतो. सिग्नलवर दिव्याकडे बघतो. डोळ्यांत बघायची सवय गेली की संपलंच." हे ते जेवताना बोलत, वाटीभोवती डाव फिरवून दाखवत. घरातही त्यांचा नियम होता, उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. स्वयंपाकघराच्या दारात काकू गरम तव्यासकट उभ्या असत आणि काका उजवीकडून ताट घेऊन आधी जात. गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये प्रसादाला झुंबड उडे, तर यांनी मधे खुर्ची ठेवून सगळ्यांना तिच्याभोवती फिरायला लावलं. हसू नका, झुंबड खरंच संपली.

काकूंना गाडी येत नव्हती. तरुणपणी काकांनी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता, एक दुपार. नव्यानेच बांधलेल्या चौकात नेलं. काकूंना बाहेर पडायला जमेना, काका शेजारी बसून "इंडिकेटर, इंडिकेटर" ओरडत होते. तिसऱ्या की चौथ्या फेरीला काकूंनी गाडी कडेला लावली, किल्ली काढून काकांच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी आल्या. त्यानंतर संसार सुखाचा झाला असं दोघंही सांगत. काकू आयुष्यभर बसने आणि पायी फिरल्या. चौकाच्या पलीकडे दुकानं आहेत, लायब्ररी आहे, आणि त्यांच्या मागे कौन्सिलने भाजीपाला लावायला दिलेले जमिनीचे तुकडे, त्यांना इथे अलॉटमेंट म्हणतात. त्यातला एक काकूंकडे होता. मेथी, मुळा, कोथिंबीर, एकदा तर एवढा थोरला लाल भोपळा की तो आणायला काकांना गाडी न्यावी लागली. मी राहायला आले त्याच्या आधीच काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि अलॉटमेंट सुटली. "गुडघे," एवढंच त्या म्हणायच्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं, घरात त्या दिवसभर जिने चढत-उतरत असत. पण कोणी जास्त विचारलं नाही.

आता फुलांची गोष्ट.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. सुतार करवत पूजतो, मुलं दप्तर पूजतात. काका चौकाची पूजा करत. दर वर्षी चौकाच्या अलीकडे फूटपाथवर जो 'पुढे राउंडअबाउट आहे' असा तिकोनी बोर्ड आहे, त्याच्या खांबाला हळदकुंकू लावून एक फूल ठेवून येत. ते संध्याकाळपर्यंत वाऱ्याने उडून जाई. त्या वर्षी कोणीतरी लंडनच्या साउथॉलहून झेंडूची पिशवीभर फुलं आणून दिली. काकूंनी बसून घसघशीत हार केला आणि काकांनी तो खांबाला बांधला, खाली नारळ ठेवला, एक पणतीही लावली.

इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला खांबाला फुलं बांधलेली दिसली की त्याचा अर्थ एकच होतो. तिथे कोणीतरी गेलं. काका जन्मभर या देशातल्या रस्त्यांवर काम केलेला माणूस, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण खंडेनवमी आहे, आपण पूजा करतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी हारापाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक गुच्छ होता. मग बरणीतली मेणबत्ती आली. मग फुटबॉल क्लबचा मफलर आणि एक टेडी. आठवड्याभरात खांब गुडघ्यापर्यंत फुलांत बुडाला. गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे सायकलवाला होता, कोणी म्हणे कॉलेजचा मुलगा. "तो चौकोन बनवला त्या माणसाला तुरुंगात टाका," असंही एकाने लिहिलं. मी ते काकांना दाखवायला नको होतं, पण ते माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"अरे पण कोणी मेलेलंच नाही!" काका घरभर फिरत होते. "पूजा आहे ती! नारळ दिसत नाही का यांना?"

ते तडक फुलं काढायला निघाले. मीही मागोमाग गेले, न जाणो कोणाशी भांडतील. खांबापाशी एक वयस्क इंग्रज बाई वाकून गुलाब ठेवत होती. काकांनी घसा साफ केला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, मॅडम, इथे कोणाचाही अपघात झालेला नाही. बाई सरळ उभी राहिली. "आय नो, लव्ह," ती म्हणाली. "आमचा मुलगा पार उत्तरेला, मोटरवेवर अपघातात गेला. तिथे थांबताच येत नाही. इथे फुलं दिसली, म्हणून म्हटलं इथे ठेवावीत."

काकांनी टोपी काढली. तिच्याबरोबर जरा वेळ उभे राहिले आणि मग आम्ही काहीही न काढता घरी आलो. त्या रात्री जेवताना वाटीभोवती डाव फिरला नाही.

एव्हाना कौन्सिलपर्यंत गोष्ट पोचली होती. काकांनी जाऊन खरं काय ते सांगितलं. तिथल्या तरुण बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंद केली आणि म्हणाल्या, तरीही या निमित्ताने लोकांच्या पुष्कळ तक्रारी आल्या आहेत, आम्ही जंक्शनचा फेरविचार करतोय. चौकोन मोडून सिग्नल बसवायचा असा प्रस्ताव आला. गावाचं मत घ्यायला लायब्ररीत सभा ठरली.

काकांनी झोप सोडली. आयुष्यात स्वतःचं असं एकच काम केलं होतं आणि ते त्यांच्याच हाराने मोडायला निघालं होतं. मराठी मंडळातले सगळे त्यांच्या बाजूने. ज्यांच्या ज्यांच्या गाडीने प्रदक्षिणा घातली होती ते सगळे सभेला येणार होते. काका मंडळातल्या कोणाच्या तरी गाडीतून आधीच गेले होते, मी काकूंना माझ्या गाडीतून घेऊन गेले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, वर कोट. वाटेत चौक आला तर मान वळवून तो मागे पडेपर्यंत बघत राहिल्या. मला वाटलं काकांची काळजी वाटत असेल.

काका सुंदर बोलले. आकडेबाजी केली नाही. हा चौक झाल्यापासून इथे एकही माणूस दगावलेला नाही, गंभीर जखमी झालेला नाही, एवढंच सांगितलं, आणि ते कौन्सिलनेही मान्य केलं. झाडांबद्दल बोलले. मग ते डोळ्यांत बघण्याचं वाक्य. इंग्रजीत ते आणखी छान वाटलं. टाळ्या पडल्या. आता सिग्नल येत नाही असं मला वाटलं.

मग काकूंनी हात वर केला. त्यांना माइक दिला तर त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि तशाच बोलल्या. लॅबमध्ये रिपोर्ट सांगावा तसं त्यांचं इंग्रजी, छोटं आणि स्वच्छ.

"माय हजबंड इज राइट. तिथे कोणी मेलेलं नाही. कारण तिथे कोणी चालतच नाही." त्या थांबल्या. "येणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो. दुसऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. मी त्याच्या डावीकडे उभी असते. माझ्या डोळ्यांत कोणी बघत नाही. बाहेर पडणारी गाडी वळणार की नाही हे तिच्या दिव्यावरून ओळखायचं, आणि निम्मे लोक दिवा लावत नाहीत. पूर्वी मी पळायचे. आता पळता येत नाही. दुकानं माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. ऑपरेशन झाल्यापासून मी इकडे पायी आलेले नाही."

काकू बसल्या, मग पुन्हा उठल्या. "आणि ती झाडं. ती यांनी वाचवली. मला अभिमान आहे. पण त्यांच्याखाली आजवर कोणी बसलंय का?"

काका पहिल्या रांगेत होते. त्यांचे फक्त खांदे मला दिसत होते.

घरी येताना तिघं एकाच गाडीत. चौकात शिरलो, मी नेहमीसारखा कोपऱ्यावर ब्रेक दाबला. घरात शिरल्यावर कोट न काढता त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी सोडलं असतं ना गाडीने."

"तुम्ही सोडायचं, तुम्ही न्यायला यायचं, आणि मी घड्याळ बघत मुळे उपटायचे?" काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला एवढा आनंद होता त्या चौकाचा. कसं सांगणार? मी म्हटलं, गुडघे."

मी वर माझ्या खोलीत निघून गेले. मला त्या दोघांचाही राग आला होता, असं कोणी प्रेम करतं का म्हणून. पुढे बरेच दिवस त्याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवसापासून काका घडीची खुर्ची घेऊन चौकात जाऊन बसू लागले. पण आता ते गाड्यांकडे बघत नव्हते. पलीकडे जाऊ पाहणारी माणसं बघत होते. पोरगं घेतलेल्या बाया येत, थांबत, मागे फिरत. वॉकर घेतलेला एक म्हातारा कडेला पाऊल टाके, मागे घेई, पुन्हा टाके, आणि शेवटी बसस्टॉपवर जाऊन बसे. रस्ता ओलांडण्यासाठी तो एक स्टॉप बसने जात होता. हे मला सांगून काका म्हणाले, "इतकी वर्षं मी काच वर करून या लोकांच्या पुढून गेलोय."

मग ते कौन्सिलच्या त्या तरुण बाईंकडे गेले. त्यांना वाटलं म्हातारा पुन्हा भांडायला आला. काकांनी त्यांच्या प्रस्तावाचा नकाशा मागितला, बघितला आणि म्हणाले, हाही चुकलाय. सिग्नलसाठी दोन ओक जाताहेत, आणि माणसांना तरीही वळसा पडतोय. त्यांनी पेन्सिल घेतली आणि दुकानांकडची चौकोनाची बाजू खोडून टाकली. ती बाजू गाड्यांना बंद, हिरवळ दुकानांच्या फूटपाथला जोडलेली. उरलेल्या तीन बाजूंवर दोन्हीकडची वाहतूक. आणि घराकडच्या बाजूला, जिथून माणसं खरोखर ओलांडू बघतात बरोबर तिथे, झेब्रा क्रॉसिंग. चारही झाडं जागच्या जागी.

"म्हणजे मग राउंडअबाउट राहत नाही," त्या बाई म्हणाल्या.

"नाही राहत," काका म्हणाले.

काम व्हायला वेळ लागला. मधल्या काळात मला मेडनहेडला नोकरी मिळाली आणि मी तिकडे गेले. क्रॉसिंग सुरू व्हायच्या दिवशी काकूंचा फोन आला, "येतेस का? हे सकाळपासून आंघोळ करून बसलेत." मी गेले.

उद्घाटन वगैरे काही नव्हतं. कामगारांनी अडथळे उचलले आणि व्हॅनमध्ये टाकून निघून गेले. नवे पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना खांबावर लुकलुकणारे पिवळे गोल दिवे. काकूंच्या हातात काठी आणि कापडी पिशवी. त्या काकांची वाट न बघता पुढे झाल्या. एक लाल गाडी थांबली, समोरून येणारी व्हॅन थांबली. काकूंनी दोन्ही ड्रायव्हरांकडे बघून हात केला, सावकाश पलीकडे गेल्या आणि हिरवळीवर जाऊन ओकच्या खोडाला हात लावून उभ्या राहिल्या.

मग त्या वळल्या. "अहो, या ना!"

काका कडेला उभे होते. चौक बांधून झाल्यापासून त्यांनी तो गाडीतून आणि कडेला बसून बघितला होता. पायी कधी ओलांडला नव्हता. त्यांनी एक पाय खाली टाकला आणि मागे घेतला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. गाडी थांबली तरी ते हलले नाहीत, गाडी बिचारी कंटाळून निघून गेली. दुसरी थांबली, तिलाही त्यांनी हातानेच पुढे घालवलं. मी म्हटलं, "काका, चला, मी आहे." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. "खूप जोरात येतात गं," ते म्हणाले.

पलीकडून काकूंनी पिशवी झाडाखाली ठेवली. काठी सावरली, पट्ट्यांवर पाऊल टाकलं. गाड्या थांबल्या. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांनी त्या सबंध रस्ता परत ओलांडून आल्या, काकांचं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "गाड्यांकडे बघू नका. माझ्याकडे बघा."